चमच्याच्या पाठीवरचं अक्षर

आमच्या घरात चांदीची एकच वस्तू होती, आणि ती विलायती होती. थेरगावात तेव्हा शेतं होती, शेतांच्या कडेनं कामगारांच्या खोल्या उठत होत्या, आणि त्यांतल्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. वर पत्रा, खाली कोबा. आईच्या हातात काचेच्या बांगड्या आणि कानांत पितळी फुलं, याच्यापलीकडे दागिना नाही. अशा घरात डाळीच्या डब्यात, जुन्या झंपराच्या तुकड्यात गुंडाळलेला तो चमचा असायचा. लहान मुलाच्या तोंडात मावेल एवढंच त्याचं पुढचं टोक, दांडा मात्र जाड आणि हाताला जड. एरवी तो बाहेर यायचा नाही. घरात कुणाचं उष्टावण असलं की आई तो काढायची, डाळीची भुकटी झटकायची, ओल्या फडक्यानं पुसायची, आणि मुलाचा मामा त्या चमच्यानं पहिली खीर भरवायचा. आबांचं उष्टावण त्यानंच झालेलं, दादाचं त्यानंच, माझंही. त्या चमच्याशिवाय आमच्या घरातलं मूल जेवायला लागत नाही, असं आई म्हणायची. आता तो माझ्या टेबलावर, पेन ठेवायच्या पेल्याशेजारी आहे. दादा गेल्यावर वहिनींनी तो माझ्याकडे दिला. म्हणाल्या, "तुमच्याकडेच राहू द्या, मला बघवत नाही."

चमचा आला तो आजीमुळे. आबांची आई खडकीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात आया होती. मी तिला पाहिलेलं नाही. आबांना मिसरूडही फुटलेलं नसताना ती गेली. तिला पहिला मुलगा झाला, त्याचं नाव राजाराम ठेवलं, आणि तो रांगायला लागायच्या सुमारास तापानं गेला. मग आबा झाले. पहिलं मूल गेलं की दुसऱ्याचं नाव दगड-धोंड्यावरून ठेवायचं, म्हणजे कुणाची नजर जात नाही, अशी तेव्हाची रीत. म्हणून आबांचं नाव दगडू. साहेबाच्या मडमेनं आजीच्या बाळासाठी विलायतेहून चांदीचा चमचा मागवला, तिकडे बाळाला असा चमचा द्यायची पद्धत आहे, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुठल्या बाळासाठी, यावर दोन मतं होती. आजी आबांना सांगायची, तुझाच. आणि आबांची आत्या, जिला आम्ही सगळेच आत्याबाई म्हणायचो, ती निघोज्याहून आली की भाकरी मोडता मोडता सांगायची, थोरल्याचा.

आबांना हे लागायचं. ते बोलून दाखवणारे नव्हते. पिंपरीच्या एका कंपनीत ते लेथवर होते, आणि कायम होईपर्यंत कितीतरी वर्षं त्यांनी बदली कामगार म्हणून काढली होती. कुणी आजारी पडलं, कुणी गावाला गेलं, की त्याच्या मशीनवर आबा. पहाटे भोंगा व्हायचा तेव्हा आई चुलीवर भाकरी टाकत असायची, आणि त्या भोंग्याला आमच्या पत्र्याचा एक सैल खिळा बारीक थरथरून उत्तर द्यायचा. आबा डब्यात भाकरी आणि बोंबलाची चटणी घेऊन सायकलवर टांग टाकायचे. "चाललो दुसऱ्याच्या जागेवर," असं हसून म्हणायचे. कायम झाल्यावरसुद्धा ते तेच म्हणत राहिले. मला ते नुसतं विनोदाचं वाटायचं. एकदा मात्र, मी कॉलेजात असताना, ते अंगणात सायकलची चेन पुसत होते आणि मी शेजारी वाचत बसले होते. हातातलं फडकं न थांबवता ते म्हणाले, "सुमे, झबलं त्याचं, पाळणा त्याचा. आईचं दूधसुद्धा त्याच्याचसाठी आलेलं असणार, असं मला लहानपणी वाटायचं. एक चमचा तरी माझ्या नावावर निघावा. बाकी काय मागतोय मी?"

मी पुढे ग्रंथपालाचं शिक्षण घेतलं आणि गावातल्या एका वाचनालयात लागले. तिथे कुण्या निवृत्त अधिकाऱ्याच्या घरून आलेला इंग्रजी पुस्तकांचा ढीग पडून होता. घोड्यांची निगा, गुलाबांची कलमं, शिकारीच्या बंदुका. वाळवीनं कडा कुरतडलेल्या त्या ढिगात एक बारीकसं लाल पुस्तक मिळालं. त्यात फक्त इंग्रजी चांदीवरच्या छापांचे तक्ते होते. सिंह म्हणजे चांदी खरी. नांगर, म्हणजे जहाजाचा, असेल तर बर्मिंगहॅम शहरात तपासलेली. बिबट्याचं तोंड असेल तर लंडन. एका चौकटीत घडवणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. आणि शेवटी एक सुटं अक्षर. हे अक्षर दर वर्षी बदलतं. वर्णमाला संपली की वेगळ्या वळणात, वेगळ्या आकाराच्या चौकटीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे अक्षर आणि चौकट दोन्ही जुळली, की चमचा कुठल्या वर्षी घडला ते कळतं. मी ते पान वाचलं आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले. आमच्या चमच्याच्या दांड्याच्या पाठीवर काळपट बारीक ठसे होते. लहानपणी मी त्यांना मुंग्या म्हणायचे.

वाचनालयातलं नकाशे बघायचं भिंग आणि ते पुस्तक मी घरी आणलं. दुपारची वेळ होती, आबांची पहिली पाळी संपली होती. उंबऱ्यात उजेडाला बसून मी भिंग धरलं. नांगर स्पष्ट होता. सिंह एक पाय उचलून चाललेला, शेपटी वर. दोन आद्याक्षरं होती, पण त्या अक्षरांचे कारागीर पुस्तकात बरेच निघाले, त्यांतला आमचा कोण ते कळेना. शेवटी वर्षाचं अक्षर. ते गोल होतं. मळ बसून काळं झालेलं, एका बाजूला झिजलेलं, पण गोल. तक्त्यात पाहिलं तर त्या चौकटीत गोल अक्षरं दोनच बसत होती. एक 'ओ', आणि मधलं एक वर्ष सोडून 'क्यू'. फरक एवढाच की 'क्यू'च्या गोलाला खाली शेपूट असतं. 'ओ'चं वर्ष दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचं. 'क्यू'चं वर्ष लागलं तेव्हा लढाई पेटलेली होती.

आबा मागे उभे होते. मी त्यांना समजावून सांगितलं. राजाराम लढाईच्या आधी जन्मला आणि आधीच गेला, हे आत्याबाईसुद्धा मान्य करायची. आबा जन्मले तेव्हा लढाई चालू होती. नुसता गोल निघाला तर काहीच ठरत नाही, कारण चमचा आधी घडून नंतरही दिलेला असू शकतो. पण शेपूट निघालं, तर तो राजारामाचा असूच शकत नाही. तो गेल्यानंतर घडलेला चमचा त्याला कोण देणार?

आबांनी भिंग घेतलं. बराच वेळ वाकून बघितलं. मग म्हणाले, "काही तरी आहे खाली. शेपूट आहे की पोचा आहे?"

"मळ काढायला हवा, आबा. काजळ भरून, वर चिकटपट्टी दाबून ठसा घेता येतो. पुस्तकात दिलंय. आत्ता करू?"

"आत्ता नको," ते म्हणाले. "रविवारी स्नेहलचं उष्टावण आहेच. सकाळी सावकाश बघू, चांगल्या उन्हात." आणि चमचा झंपराच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी स्वतः डब्यात ठेवला. मला तेव्हा कळलं नाही. उत्तर एवढ्या जवळ आल्यावर माणूस चार दिवस मागून घेतो, हे आता कळतं. डॉक्टरांचा रिपोर्ट पाकिटातच ठेवून मी स्वतः तसं केलेलं आहे.

स्नेहल ही दादाची पहिली मुलगी. दादा माझ्याहून मोठा. त्याचं नाव प्रकाश, पण तो रोज काळा होऊन घरी यायचा. भोसरीच्या एका शेडमध्ये तो बफिंगला होता. तिथे मोटरवर कापडाची चाकं गरगरत असतात, त्यांना मेणासारख्या वडीचा लेप लावायचा आणि जॉब, म्हणजे घासायचा भाग, दाबून धरायचा. स्कूटरचे भाग, नळ, दरवाजाच्या मुठी, सगळं त्याच्या हाताखालून आरशासारखं होऊन निघायचं आणि पुढे प्लेटिंगला जायचं. त्या चाकांची धूळ त्याच्या केसांत, कानांत, पापण्यांत असायची. आई दारातच गुळाचा खडा द्यायची, घशातली धूळ उतरते म्हणून. मग तो मोरीत बसून इतका वेळ हात धुवायचा की आतून आबा ओरडायचे, "चामडी ठेव रे थोडी." त्याची एक सवय होती. कुठलीही चकचकीत वस्तू हातात आली की तो तोंड जवळ नेऊन 'हा' करायचा. वाफ बसली की जॉबवरचा ओरखडा दिसतो म्हणे. घरातल्या स्टीलच्या ताटांवर तो 'हा' करायचा. माझा चष्मा नाकावरून काढून घ्यायचा, 'हा' करायचा, शर्टाला पुसून परत बसवायचा आणि म्हणायचा, "लायब्ररीवाले, आता जग बघ."

उष्टावणासाठी आत्याबाई शनिवारीच निघोज्याहून आली. तेव्हा तिकडे ज्वारी आणि कांदा व्हायचा. आज तिच्या शेताच्या जागेवर कंटेनर उभे असतात आणि ड्रायव्हर लोक सावलीत पत्ते खेळतात. ती आली ती हरभऱ्याची डाळ आणि चमच्याचा विषय घेऊनच.

"मग, मडमेचा चमचा काडलाय का न्हाई? थोरल्याचा?"

"आत्या, तू तेव्हा केवढी होतीस गं?" आबा म्हणाले. "परकरात."

"परकरात व्हते म्हून काय आंधळी व्हते व्हय? माज्या वहिनीनं राजारामाच्या तोंडाला लावल्याला म्या बघितलाय. तुज्या येळला लढाई चालू व्हती. लढाईत कुटली मडम चमचं वाटतीया?"

"उद्या कळेल," आबा म्हणाले. "सुमननं पुस्तक आणलंय. चमच्यावर वर्ष लिहिलेलं असतं."

"वर्स लिवल्यालं?" आत्याबाईनं माझ्याकडे बघितलं. "बया. आन् आमाला आमचं वय म्हाईत न्हाई."

दादा हे सगळं ऐकत जेवत होता. त्याला आबांचं ते दुःख ठाऊक होतं. मला सांगितलं तसं त्याला कधी सांगितलं नसेल, पण मुलगे बापाचं न सांगितलेलंही ओळखतात. जेवून तो उठला. शेडमध्ये अर्धी पाळी होती त्याची, ओव्हरटाइमची. जाताना त्यानं डाळीचा डबा उघडला, हे आईनं पाहिलं, पण बाळासाठी काही घेत असेल असं तिला वाटलं. वहिनींना तो कुजबुजून सांगून गेला होता, "आबांच्या डोळ्यांना त्या काळ्यात काय दिसणार? आमच्याकडे आधी बफ, मग इन्स्पेक्शन. उद्या भिंगसुद्धा लागणार नाही बघ." त्याच्या कामाची रीतच तशी होती. जॉब काळा असला की इन्स्पेक्टर तो हातात घेत नाही. आधी चकाकी आणायची, मग दोष, खूण, जे काय असेल ते उजेडात बघायचं. रोज हजार वेळा केलेली गोष्ट त्यानं घरातल्या सगळ्यांत मोलाच्या वस्तूवर केली, आणि ती सगळ्यांत प्रेमानं केली.

रविवारी सकाळी अंगणात तिरपं ऊन आलं होतं. आत तांदळाच्या खिरीला वेलदोड्याचा वास सुटला होता. बुद्धमूर्तीपुढे आईनं मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं मांडली होती. मी काजळाची डबी आणि पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसले तेव्हा दादा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून आला. त्यानं खिशातून नव्या पिवळ्या फडक्याची पुरचुंडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"उघड."

चमचा इतका चमकला की मी डोळे बारीक केले. त्याच्या पोटात आमचं दार, ऊन, दादाचा पांढरा सदरा, सगळं उलटं दिसत होतं. मी तो पालथा केला. नांगर नव्हता. सिंहाच्या जागी नखाला लागेल न लागेल असा उंचवटा होता. आणि शेवटी, जिथे ते गोल अक्षर होतं, तिथे पाणी ठेवल्यासारखी गुळगुळीत चांदी.

"दादा, कुठाय?"

"काय कुठाय?" तो हसतच खाली बसला. चमचा घेऊन त्यानं उन्हात तिरपा केला, परत सरळ केला, परत तिरपा. "असं कसं? मी हलका हात मारला गं. नुसतं कापडाचं चाक. खरखरीत चाक तर लावलंच नाही मी." त्यानं अंगठा त्या जागेवरून फिरवला, पुन्हा फिरवला, जणू अक्षर बाजूला सरकलं असेल. मग त्याचा अंगठा थांबला. त्या वेळचा त्याचा चेहरा मी कुणाला सांगितलेला नाही, आणि आताही मला तो नीट लिहिता येणार नाही. कितीही जाड पोलाद असो, त्याच्या हातांना अंदाज होता. चांदी किती मऊ असते, हे त्या हातांना कधी कळायची वेळच आली नव्हती.

आतून आबांनी हाक मारली, "सुमे, ऊन आलंय. भिंग आण."

ते बाहेर आले. चष्मा लावून, धोतर सावरून, खास या कामासाठी बसल्यासारखे खुर्चीवर बसले. दादानं चमचा त्यांच्या हातात दिला. आबांनी भिंग धरलं. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. मान हलली नाही. खूप वेळानं त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि अंगठ्यानं दांडा एकदा पुसला.

"फिनिश चांगलं आलंय, प्रकाश."

"आबा, मला वाटलं अक्षर साफ दिसेल."

"दिसतंय की. माझं तोंड दिसतंय."

दादा हसला नाही. तो मोरीकडे गेला आणि नळ सोडून हात धुवायला लागला. हात स्वच्छच होते. आत्याबाई भिंतीला टेकून तांबूल कुटत होती. तिनं खलबत्ता थांबवून विचारलं, "काय निगालं रं?"

आबांनी मोरीकडे पाहिलं. नळ चालूच होता. चमचा फडक्यात गुंडाळत ते म्हणाले, "काही नाही, आत्या. तुझंच खरं. थोरल्याचाच."

इतकी वर्षं जे तिनं ठासून सांगितलं ते आबांनी असं सहज तिच्या पदरात टाकलं. खलबत्ता तिनं बाजूला ठेवला. मग तिचा आवाज आला, तो मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता. "न्हाई रं दगडू. म्या काय, परकरातली पोर. मला नीट आटवत बी न्हाई. तुजा आसंल. तुजाच आसंल." आबा "बरं, बरं" म्हणाले. मग पाहुणे यायला लागले.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. वहिनींचा भाऊ पाटावर बसला, स्नेहल त्याच्या मांडीवर. त्यानं त्या लखलखीत चमच्यानं खीर उचलली तेव्हा बायका म्हणाल्या, नवा केला वाटतं. स्नेहलनं चमचा हिरड्यांत धरला आणि सोडेचना. सगळे हसले. आबाही हसले. दादा पाहुण्यांना पाणी देत होता, एका घोळक्यातून दुसऱ्या घोळक्यात, तांब्या रिकामा झाला तरी. त्या दिवशी तो जेवला नाही. वहिनींनी झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी आईनं उचललं.

आबांनी त्या गोष्टीचा पुन्हा कधी उच्चार केला नाही. मी लाल पुस्तक परत नेऊन ढिगात ठेवलं. पुढे मी ताथवड्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. शेतं जाऊन इमारती आल्या, पत्र्याच्या जागी आमचा फ्लॅट आला, खाली डांगे चौकाकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज दिवसभर येतो. आता कुणीही जुन्या चमच्याचा फोटो फोनवर टाकला की कुठून तरी अनोळखी माणूस त्याचं वर्ष सांगतो. आमच्या चमच्याचा फोटो काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. आबा गेले तेव्हा आईनं शेवटचं पाणी त्याच चमच्यानं घातलं. दादा त्यांच्या पायाशी होता. आईनं त्याला चमचा देऊ केला, तर त्यानं मान हलवली आणि हाताच्या ओंजळीतून दोन थेंब सोडले. स्नेहलनंतर झालेल्या प्रत्येक मुलाच्या उष्टावणाला दादा हजर असायचा, पण चमच्याला त्यानं बोट लावलं नाही. एरवी चमचा डब्यातच राहिला, हळूहळू पिवळा पडला, मग करडा, मग पुन्हा काळपट.

दादाची फुफ्फुसं घट्ट होत गेली. शेड त्यानं केव्हाच सोडली होती, पण शेडनं त्याला सोडलं नव्हतं, असं वहिनी म्हणायच्या. गेल्या हिवाळ्यात तो अंथरुणाला लागला. खिडकीशी उशांना टेकून बसायचा, नाकाला नळी, आणि दोन शब्दांच्या मध्ये एक थांबा. अन्न म्हणजे पेज. स्टीलचा चमचा तोंडात मोठा व्हायचा, पेज हनुवटीवर यायची आणि त्याला त्याची लाज वाटायची. एका सकाळी माझ्या मनात आलं आणि मी डबा उघडून तो लहान चमचा आणला, धुतला, आणि त्यानं पेज भरवायला लागले. त्यानं तो ओळखला. दोन घास घेतले. मग तिसऱ्याला हात वर करून मला थांबवलं आणि चमचा माझ्या हातातून घेतला. सदऱ्याच्या टोकाला पुसला. खिडकीतलं ऊन बघून तो पालथा केला, आणि जुन्या सवयीनं, काही शोधायचं म्हणून नाही, तोंडाजवळ नेऊन 'हा' केलं. होता तेवढा श्वास त्यात गेला.

दांड्यावर वाफ बसली. आणि त्या वाफेत, जिथे काहीच नव्हतं तिथे, एक गोल आला.

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी चष्मा पुढे ओढून वाकले. मी नंतर वाचलं की ठसा मारताना खालची चांदी दाबली जाते, वरचा थर गेला तरी ती दाबलेली जागा वाफ वेगळी धरते. त्या क्षणी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. वाफ कडेनं विरत आत येत होती.

"गोल आहे?" दादानं विचारलं.

"आहे."

"शेपूट?"

गोलाच्या खालच्या अंगाला, उजवीकडे, एक बारीक तिरकी रेघ होती. मी ती पाहिली आणि वाफ गेली. त्यानं पुन्हा 'हा' करायचा प्रयत्न केला, त्याला खोकला आला. मी त्याची पाठ चोळली, नळी सारखी केली, आणि चमचा घेऊन माझ्या श्वासाची वाफ धरली. गोल आला. रेघ आली. विरली. मी त्याची नोंद केली असती तर 'बहुधा' असा शब्द घातला असता. चाकाचा ओरखडाही तसा दिसू शकतो. पण दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा ती तिथेच होती.

"आहे, दादा."

"लायब्ररीवाली आहेस. नीट बघून सांग."

"नीट बघितलं. आहे."

त्यानं डोकं उशीला टेकलं. बाहेर शाळेची बस हॉर्न वाजवत होती. वहिनी स्वयंपाकघरातून विचारत होत्या, पेज संपली का. दादाच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, ते मी पुसलं नाही.

"म्हणजे आबांचाच," तो म्हणाला.

"आबांचाच."

"आणि ते म्हणाले, थोरल्याचा."

मी म्हटलं, "आता सांगायचं कुणाला, दादा?" आमच्या घरात परलोक मानत नाहीत. दादा तर अजिबात मानायचा नाही. कुणी मेल्या माणसाला निरोप द्यायच्या गोष्टी केल्या की त्याची चेष्टा करायचा. तो डोळे मिटून श्वास गोळा करत राहिला, इतका वेळ की मला वाटलं झोप लागली. मग त्यानं माझ्या नाकावरचा चष्मा हातानं चाचपला, पूर्वीसारखा सरळ केला, आणि म्हणाला, "मी सांगतो की. तू उगाच घाई करू नकोस यायची."